समासातलं ‘कोण?’

“अख्खा देश चालवला म्हणे ह्यांनी, आणि कॉफीचं मशीन काही चालवता येत नाही.”

डिपार्टमेंटच्या किचनमध्ये डेनिस हे फोनवर कुणाला तरी सांगत होती. डेनिस आमच्या ऑफिसची मॅनेजर. मी पलीकडे कॉपियरपाशी उभी होते. ओहायोतल्या त्या विद्यापीठातला माझा दुसराच आठवडा होता. ज्यांच्याबद्दल ती बोलत होती ते तिच्या मागेच, दारात, रिकामा निळा कप घेऊन उभे होते. मी तिला खूण केली नाही. मी सहसा काहीच करत नाही. तिचा फोन संपेपर्यंत ते थांबले आणि मग अगदी गंभीरपणे म्हणाले, की ही गोष्ट विरोधी पक्षाला वेळेवर कळली असती तर त्यांचे पुष्कळ कष्ट वाचले असते.

डेनिस लाल झाली. दुसऱ्या दिवशी तिने मशीनवर एक कागद चिकटवला. एक, दोन, तीन, चार. त्यानंतर दोन वर्षं रोज सकाळी एका देशाचे माजी पंतप्रधान त्या कागदावर बोट ठेवून, ओठ हलवत, एखादा तह वाचावा तसा तो वाचायचे आणि मगच बटण दाबायचे.

त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही, देशाचंही नाही. त्यांना ते आवडलं नसतं. युरोपातला लहानसा देश आहे, नकाशात त्याचं नाव जमिनीवर मावत नाही, शेजारच्या समुद्रात लिहावं लागतं. तिथे ते दीड वर्ष पंतप्रधान होते. सरकार पडलं. मग काही वर्षं कुठल्या कुठल्या समित्या, मग भाषणं, आणि सत्तरी ओलांडल्यावर आमच्याकडे, सरकार आतून कसं चालतं ते शिकवायला. मी त्यांची ग्रेडर होते, म्हणजे मुलांचे निबंध आधी मी तपासायचे. विद्यार्थी त्यांना पहिल्या नावाने हाक मारायचे. मला ते कधी जमलं नाही. मी ‘सर’ म्हणायचे.

माझं नाव मृण्मयी. इथे आल्यावर विमानातून उतरता उतरताच मी ते बदललं होतं आणि सगळ्यांना ‘मिया’ सांगत होते. सरांनाही तेच सांगितलं. त्यांनी समोरच्या यादीत पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, “मिया कोण?” खरं नाव त्यांनी तीनदा म्हणायला लावलं, आपल्या भाषेतल्या स्पेलिंगमध्ये एका चिठ्ठीवर लिहिलं आणि ती चिठ्ठी टेबलावरच्या फोनखाली सरकवली. मी दारात दिसले की आधी फोन उचलायचे, चिठ्ठी बघायचे, आणि मग हाक मारायचे. ण त्यांना कधीच आला नाही. खरं सांगायचं तर मलाही तो उशिराच आला.

‘कोण’ हा त्यांचा लाडका प्रश्न होता. खिशात नेहमी एक आखूड हिरवी पेन्सिल असायची. ग्रेडर म्हणून मला त्यांनी एकच नियम सांगितला होता. निबंधात जिथे जिथे इंग्रजीतला ‘वी’ दिसेल तिथे गोल करायचा आणि समासात लिहायचं, कोण? मुलं लिहायची, ‘वी’ युद्धात उतरलो, ‘वी’ कर कमी केले, ‘वी’ जगाला लोकशाही शिकवली. प्रत्येक ठिकाणी हिरवा गोल. कोण? तू होतास का तिथे? तुझी आई होती? ज्याने युद्धाचा हुकूम दिला तो आणि जो गेला तो, दोघे एकाच शब्दात कसे काय बसले? मुलं वैतागायची. एका मुलीने मग ‘वी’ पूर्ण टाळून निबंध लिहिला, सगळं ‘असे करण्यात आले’, ‘असे ठरवण्यात आले’. सरांनी तो दोनदा वाचला आणि खाली लिहिलं, या घरात कुणीच राहत नाही. तिला गुण कमी मिळाले. माझे स्वतःचे निबंध कायम तसेच असायचे. मी त्या दिवशी घरी जाऊन ते उघडूनही बघितले नाहीत.

एकदा वर्गात त्यांनी, ज्यांच्या घरी दुसरी भाषा बोलतात त्यांना विचारलं, तुमच्याकडे ‘वी’ किती आहेत? बहुतेकांनी एक सांगितला. मीही एक सांगितला. संध्याकाळी आईला फोनवर सहज म्हणाले, तर ती नाशिकहून हसायलाच लागली. “अगं, आम्ही आणि आपण. साताऱ्याला तुझी फजिती नव्हती का झाली?”

झाली होती. मी आठ-नऊ वर्षांची असेन. शाळा इंग्रजी, घरात अर्धं-अर्धं. सुट्टीत साताऱ्याला मावशीकडे सगळी भावंडं जमली होती, मला भूक लागली होती, आणि मी म्हणाले, “आम्ही जेवूया का?” मावसभाऊ पटकन म्हणाला, “तुम्ही जेवा, आम्ही बघतो.” ती सुट्टी संपेपर्यंत मी आले की कुणीतरी ते म्हणायचंच. त्यानंतर मी चारचौघांत मराठी बोलणं कमी केलं. मग हळूहळू बोलणंच कमी झालं.

दुसऱ्या दिवशी मी सरांना सांगितलं, की काल मी चुकीचं उत्तर दिलं, आमच्याकडे दोन आहेत. आम्ही म्हणजे ऐकणारा बाहेर. आपण म्हणजे ऐकणारा आत. त्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली आणि ते पुन्हा सांगायला लावलं. मग विचारलं, म्हणजे तुमच्याकडच्या पुढाऱ्यांना लोकांना फसवता येत नसेल? मी म्हणाले, सर, भाषणात सगळे आपणच म्हणतात. ते इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला.

सर डब्लिनला राहायचे, कोलंबसला लागून असलेल्या उपनगरात. एका भाड्याच्या अपार्टमेंटमध्ये, एकटे. शेजारी नेनेकाका. काका पुण्याचे, इथे येऊन पंचवीस वर्षं झालेली, महाराष्ट्र मंडळाचे कायमचे अध्यक्ष, कारण दुसरं कुणी होत नाही. संध्याकाळी दोघे बरोबर चालायला जायचे. दिवाळीच्या कार्यक्रमाला काकांनी सरांना बोलावलं आणि सरांनी मला. मी नाही म्हणणार होते. पण त्यांनी विचारलं तेव्हा हातात फोनखालची चिठ्ठी होती.

ते मला गाडीतून घेऊन गेले. गाडी चालवायला ते इथे आल्यावर शिकले होते, तिसऱ्या खेपेला परीक्षा पास झाले. त्या दिवशी मी पहिल्यांदा पाहिलं: पार्किंगमध्ये त्यांनी किल्लीने गाडी उघडली, मागचं दार उघडलं, मागच्या सीटवर बसले, ब्रीफकेस मांडीवर घेतली आणि वाट बघू लागले. मी बाहेर उभी. काही सेकंदांनी त्यांनी रिकाम्या पुढच्या सीटकडे पाहिलं, ब्रीफकेस उचलली, उतरले आणि पुढे येऊन बसले. आठवड्यातून एकदा तरी हे होतंच, म्हणाले. वर म्हणाले, की ड्रायव्हर इतका वेळ येत नाही म्हणजे सरकार पडलेलं असणार.

कार्यक्रम एका मिडल स्कूलच्या कॅफेटेरियात होता. नेनेकाकांनी त्यांना स्टेजवर बसवलं, शाल दिली, नारळ दिला, आणि माइकवरून त्यांची ओळख करून देताना देशच चुकवला, शेजारचा देश सांगितला. मागून कुणीतरी म्हणालं, “काका, तो नाही हो देश.”

“अहो, बाजूलाच आहे. चालतं,” काका म्हणाले.

सरांनी वाकून मला विचारलं, काय झालं. मी सांगितलं. ते म्हणाले, राहू दे, त्या देशाने मला कधी निवडून दिलं नाही, त्यामुळे त्यांची माझ्याबद्दल काही तक्रारही नाही.

मग काकांनी अचानक माइक माझ्या हातात दिला. तू त्यांची स्टुडंट ना, दोन शब्द बोल, मराठीत बोल. मी काय बोलले ते आठवत नाही. शेवटचं वाक्य आठवतं, कारण मला तिथून सुटायचं होतं आणि समोर जेवणाची टेबलं दिसत होती. मी म्हणाले, “आता आम्ही सगळे जेवूया.”

हॉल हसला. वाईट नव्हते हसत, पण हसले. नेनेकाकू पहिल्या रांगेतून म्हणाल्या, “अगं, आम्हालाही देशील ना थोडं?”

परत येताना सरांनी विचारलं, का हसले. एरवी मी काहीतरी सांगून टाकलं असतं. पण ते रस्त्याकडे बघत गाडी चालवत होते, माझ्याकडे नाही. मी सगळं सांगितलं, साताऱ्यासकट. त्यांनी गाडीचा वेग थोडा कमी केला. मग म्हणाले, तो शब्द मी आज ऐकला. तुझे काका मला सारखे म्हणत होते, आपण आलात, आपण बसा. ते मला त्यांच्यातला समजतात का?

मी म्हणाले, नाही सर, तो वेगळा आपण. मान देऊन ‘तुम्ही’ म्हणायचं असेल तर तोच शब्द वापरतात.

पुढचा सिग्नल हिरवा झाला तरी त्यांनी गाडी काढली नाही. मागच्याने हॉर्न दिला. “म्हणजे तुमच्याकडे माणसाला मान द्यायचा,” ते म्हणाले, “तर त्याला आपल्यात घ्यावं लागतं?”

मी तसा कधी विचार केला नव्हता.

नारळाचं काय करायचं ते त्यांना माहीत नव्हतं. फोडायचा असतो, मी सांगितलं. देणाऱ्याच्या समोर? नाही, घरी. मग त्यांनी तो ऑफिसातल्या टेबलावर ठेवला, कागद उडू नयेत म्हणून. सगळ्यात महत्त्वाचा कागद नारळाखाली.

सकाळी कॉफी घेऊन आले की ते लॅपटॉपवर त्यांच्या देशाचा रेडिओ लावायचे. बातम्या नाही, हवामान. फक्त समुद्राचं. एक बाई अगदी सपाट आवाजात किनाऱ्यावरच्या ठिकाणांची नावं उत्तरेकडून दक्षिणेकडे वाचायची, वारा, लाटा, धुकं. सर तिच्याबरोबर नावं पुटपुटायचे. मला एक शब्द कळत नसे, पण रोज ऐकून माझ्या लक्षात आलं, की सहाव्या नावानंतर ते थांबतात. ती बाई सातवं म्हणून पुढे गेलेली असे आणि ते एक नाव मागे राहिलेले असत. पुष्कळ दिवसांनी मी विचारलं. सहाव्या आणि सातव्याच्या मधे त्यांचं गाव होतं. हवामान सांगण्याइतकं मोठं नव्हतं.

दुसऱ्या वर्षी एप्रिलमध्ये नारळाखाली एक पाकीट आलं आणि तिथेच राहिलं. फोडलेलं होतं. तीन आठवडे सर त्याच्याभोवती काम करत राहिले. रेडिओ चालू असायचा पण पुटपुटणं थांबलं. मग एका दुपारी, मी निबंधांचा गठ्ठा ठेवत असताना, त्यांनी मला बसायला सांगितलं.

पंतप्रधान असताना त्यांनी लहान गावांतल्या शाळा बंद केल्या होत्या. जिथे मुलं फार थोडी उरली होती तिथल्या. त्यात त्यांच्या गावचीही होती, ज्या शाळेत ते शिकले ती. तिथल्या शेवटच्या शिक्षिकेचं नाव मार्ता. दोघे लहानपणी एका बाकावर बसायचे. निर्णयाच्या दिवशी त्यांनी टीव्हीवरून देशाला सांगितलं, ‘वी’ने हे ठरवलं आहे आणि ‘वी’ सगळ्यांना हे सोसावं लागेल. त्यांच्या भाषेतही एकच ‘वी’ आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या शाळेच्या भिंतीवर कुणीतरी रंगाने एकच शब्द लिहिला होता.

मी न विचारताच कळलं कुठला.

तो रंग हिरवा होता. शाळेच्या खिडक्या रंगवायला मार्ताने आणलेल्यातला उरलेला. त्या भिंतीचा फोटो पेपरात आला, मग तो शब्द इतर शाळांवर दिसायला लागला, मग राजधानीत, मग संसदेसमोरच्या फुटपाथवर. काही महिन्यांत सरकार पडलं. राजीनामा देऊन ते बाहेर आले तेव्हा गाडी उभी होती. नियमाप्रमाणे ती आता त्यांची नव्हती. ड्रायव्हर कितीतरी वर्षं त्यांच्याबरोबर होता, त्याने मागचं दार उघडलं आणि विचारलं, कुठे जायचं? इथे सर थांबले आणि एवढा एक शब्द माझ्या भाषेत म्हणाले. ड्रायव्हर म्हणाला होता, ‘आपण’ कुठे जायचं? त्यांनी गावाचं नाव सांगितलं. चार तास गाडी चालली. गावाच्या वेशीवरून त्यांनी ती परत फिरवायला लावली. नंतर मार्ताला बरीच पत्रं लिहिली. तिचं उत्तर कधी आलं नाही.

हे तिचं पहिलं उत्तर. नारळ उचलून त्यांनी पत्र मला दाखवलं आणि बोट ठेवत अर्थ सांगितला. गावात काही नवी कुटुंबं राहायला आली होती, मुलं झाली होती, शाळा सप्टेंबरात पुन्हा उघडत होती. बाक तेच आहेत. एकटा येणार असशील तर ये.

एकटा म्हणजे, सर म्हणाले, पक्ष नाही, पत्रकार नाहीत. आणि तो ‘वी’ नाही.

जायचं की नाही हे त्या उन्हाळ्यात रोज बदलत होतं. जुलैत त्यांनी तिथे बोलायचं भाषण लिहिलं, आधी इंग्रजीत, मला दाखवता यावं म्हणून. दोन पानं. माझ्यासमोर ठेवली, वर हिरवी पेन्सिल ठेवली आणि खिडकीपाशी जाऊन पाठमोरे उभे राहिले. पहिलंच वाक्य होतं, त्या काळात ‘वी’ना काही कठीण निर्णय घेणं भाग पडलं.

शंभर मुलांच्या निबंधांवर मी ते गोल केले असतील, हात कधी थांबला नव्हता. त्या दिवशी पेन्सिल धरून मी नुसती बसले होते. मोठं माणूस, आणि त्यांच्या आयुष्यातली एवढी एकच गोष्ट जिच्याबद्दल ते कधी विनोद करत नसत. शेवटी मी गोल केला. समासात इंग्रजीत लिहायचा धीर झाला नाही, म्हणून मराठीत लिहिलं. त्यांना वाचता येणार नाही असं मी स्वतःला सांगितलं.

ते आले, वाकून पाहिलं, आणि हे कसं वाचायचं असं विचारलं.

“कोण,” मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली, पानं उचलली आणि त्या दिवशी लवकर घरी गेले. मला वाटलं, संपलं. दुसऱ्या दिवशी सकाळी टेबलावर नारळाखाली एकच कागद होता आणि त्यावर एकच ओळ: शाळा मी बंद केली. त्यांनी विचारलं, यात कुठे गोल आहे का? मी म्हणाले, नाही सर.

आता त्या खोलीत दुसरे प्राध्यापक बसतात. डेनिसने मशीनवरचा कागद काढून जाताना सरांना दिला, त्यांनी तो घडी करून पाकिटात ठेवला. नारळ माझ्याकडे आहे. हलवला तर आत आता पाणी वाजत नाही, नुसता गोळा फिरतो. कधीकधी सकाळी मी तो रेडिओ लावते. ती बाई नावं वाचते, मी पुटपुटते, आणि सहाव्यानंतर थांबते. ती पुढे निघून जाते. सहाव्या आणि सातव्याच्या मधे कसं हवामान आहे ते ती अजूनही सांगत नाही.

त्या ऑगस्टच्या शेवटी, गावी जायच्या दिवशी, त्यांना विमानतळावर सोडायला मी गेले. त्यांची गाडी नेनेकाकांनी घेतली होती, त्या दिवसापुरती मला दिली. लायसन्स मला त्याच उन्हाळ्यात मिळालं होतं. सर खाली आले, सूटकेस मी डिकीत ठेवली, आणि ते मागचं दार उघडून मागे बसले. ब्रीफकेस मांडीवर. मी आरशात पाहिलं आणि ते हसतील म्हणून थांबले. ते हसले नाहीत. तेव्हा कळलं, की आज ती सवय नाही.

टर्मिनलसमोर मी गाडी थांबवली. ते उतरले नाहीत. आजूबाजूला लोक मिठ्या मारत होते, बॅगा ओढत होते. पिवळ्या जाकिटातल्या माणसाने हात करून पुढे व्हायला सांगितलं.

सर म्हणाले, तो कागद पोस्टाने पाठवता येईल. एकच ओळ आहे. मार्ता ती भिंतीवर लावेल, तिला हवं तिथे. मग थोड्या वेळाने म्हणाले, ती म्हणते एकटा ये. तिला माहीत नाही, की तिथे मी एकटा कधी कुठे गेलेलोच नाही. निदान समोर कुणीतरी गाडी चालवत असायचं.

पिवळं जाकीट काचेवर टकटक करायला लागलं. मी गाडी काढली. आरशात ते खिडकीबाहेर बघत होते. मी परत घरी नेते आहे असं त्यांना वाटलं असावं, आणि त्यांनी अडवलं नाही. वळण घेऊन मी पार्किंगमध्ये शिरले, तिकीट घेतलं, दुसऱ्या मजल्यावर जागा मिळाली. इंजिन बंद केलं. डिकीतून सूटकेस काढली. मग मागच्या दारापाशी गेले आणि ते उघडलं.

ते वर बघत होते. सफाईने कापलेले पांढरे केस, मांडीवर ब्रीफकेस, तिच्यावर दोन्ही हात. शाळेच्या पहिल्या दिवशी बाकावर बसलेलं मूल दप्तर धरतं तसे.

मला काय म्हणायचं होतं ते माहीत होतं. तो शब्द दोनदा माझ्या हातून चुकला होता, दोन्हीदा लोकांसमोर. मी तो आधी मनात एकदा म्हणून पाहिला.

“सर,” मी म्हणाले, “आपण जाऊया.”